आई म्हणाली, वाढवणार म्हण

शंभर वर्षं जुन्या जर्मन वीज कंपनीने नेदरलँड्समधलं आपलं कोळशाचं केंद्र कायमचं बंद करायचं ठरवलं. तिथल्या राजनची इंजिनिअरची नोकरीही त्यासोबत जाणार होती. त्याने पुण्याला आईला फोन करून केंद्र बंद होणार असल्याचं सांगितलं.

"अरे, चालत्या कामाला 'बंद' काय म्हणतोस? वाढवणार म्हणावं."

"बरं बाई, केंद्र वाढवणार! झालं समाधान?"

तेवढ्यात नेदरलँड्समध्येच वाढलेली त्याची नऊ वर्षांची मुलगी संहिता सायकल लावून आत आली. तिने बाबाचं हे एकच वाक्य ऐकलं आणि ती तडक खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिचा अख्खा वर्ग सायकली घेऊन राजनच्या दारात उभा होता.



संहिताच्या हातातल्या फलकावर डचमध्ये लिहिलं होतं, "बाबा, केंद्र बंद करा!"