शेऱ्याचा रकाना

बस इथं, एक सांगतो, ऐकून तुझंही डोकं फिरेल. कारखान्यात आम्ही दर पाळीचा रिपोर्ट कागदावर लिहायचो, खाली शेऱ्याचा रकाना असायचा. नवा साहेब म्हणाला, "कागद कोण वाचतं? डॅशबोर्ड बघा." कागद बंद केले, भिंतीवर हा मोठा पडदा लावला, माल किती निघाला तेवढंच दिसायचं, सगळं हिरवंगार. माझा मेहुणा प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर. तीन दिवस कोकलत होता, "साहेब, हातापुढची जाळी निसटतेय, लिहू कुठं?" "आकडे हिरवे आहेत ना? गप काम कर." चौथ्या दिवशी त्याची दोन बोटं गेली. पडदा तेव्हाही हिरवाच. आता साहेब म्हणतो, "त्यानं लेखी कळवलंच नाही, चूक त्याचीच," आणि त्याला कामावरून काढतोय. हा बघ, रिपोर्टचा कोरा कागद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सही मी करतो, तू शेऱ्याच्या रकान्यात सांगतो ते लिही.