जब्बारच्या डोक्याची पट्टी

तापीमाईची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं वाटेल त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

मानमोडीच्या साथीत नंदुरबारात घरोघर ताप होता. जब्बार पिंजारी चौथ्या दिवशी पेज पीत बसला होता, तो एकदम ओरडला, "गुलशन, कोनी मन्हा डोकामा घन हाना वं!" बायकोनं सुंठेचा लेप लावून ओढणीनं डोकं बांधलं. "आजून आवळ," तो म्हणाला. तिनं आवळलं. ती पाणी आणायला वळली, तेवढ्यात जब्बार गेला. शेजारच्या गंगीनं येऊन त्याचे डोळे मिटले, ओढणी सोडली.

डॉक्टर म्हणाले, तापात डोक्यातली नस फुटली. गुलशनच्या ते डोक्यातच शिरलं नाही. ती रडेना, जेवेना. तीन दिवस एकच विचारत राहिली, "मन्हाकडतीन जास्ती आवळाई गयं का वं, गंगीबेन?"

"येडी शे का तू?" गंगी म्हणाली. "मी सोडाले गऊ तवय गाठ ढिल्लीच व्हती. त्यानीच ढिल्ली करेल व्हती."

गुलशननं भाकरीचा तुकडा मोडला.

 

बाकी सगळं खरं, पण ती गाठ ढिली नव्हती. मला दातांनी सोडावी लागली होती.