मनाई केलेली बोली
दोन बोलींत नातीची जीभ अडखळेल, या धास्तीने सरुबाईंनी फिनलंडहून आलेल्या सुनेला, आयनोला, लेकीशी फिनिश बोलण्याची मनाई केली होती. आयनोने ती पाळली; फक्त रागावली की तिच्या तोंडून फिनिशच निघे, आणि तेव्हा इला लगेच ऐके, पण सरुबाई तिला तिथेच अडवत. आज दापोऱ्याच्या केळीबागेत चार वर्षांची इला पाटाकडे धावत सुटली. तिथे ओल्या चिखलात पाण्याच्या मोटारीची तुटलेली तार पडली होती, आणि खोपीवरचा दिवा नुकताच पेटला होता. म्हणजे वीज आली होती. “थांब!” सरुबाई ओरडल्या. आजीचे ‘थांब’ म्हणजे रोजची पकडापकडी. इला खिदळत आणखी जोरात पळाली. आयनोनेही ‘थांब’ म्हटले, तेही तिने खेळातच घेतले. सरुबाईंनी सुनेचा दंड गच्च धरला. “तुह्या बोलीत सांग वो तिले!” “तॅन्ने!” इकडे ये, आयनो कडाडली. इला थबकली, वळली, आईला येऊन बिलगली. सरुबाईंनी सुनेचा दंड सोडला. “आता रागव तिले, तुह्याच बोलीत रागव, मी ऐकते.”