कोरडी वाळू

सरपंच पाहुण्यांच्या गोधडीवर बसला, शेपूट ताठ केली, कान मागे टाकले आणि नुसताच बसून राहिला. सावळेराम दाराआडून बघत होता. सकाळपासून ही सहावी जागा. न्हाणी झाली, चुलीमागची राख झाली, सुनेची चप्पलसुद्धा झाली. बऱ्याच वेळानं बोका उठला, तर गोधडीवर रुपयाएवढा डाग. लालसर.

सरपंच म्हणजे घरचा बोका. सगळी वस्ती आपल्याच नावावर असल्यासारखा हिंडायचा, म्हणून हे नाव. बिबट्यानं शेजारचं कुत्रं उचललं तेव्हापासून सावळेरामची सून साधना त्याला दिवेलागणीला आत घ्यायची. त्याच्यासाठी कोपऱ्यात घमेलंभर वाळू ठेवली होती. सहा महिने गडी शहाण्यासारखा तिथंच जात होता. चार दिवसांपासून मात्र त्यानं घरभर उच्छाद मांडला होता.

"केलं का मेल्यानं परत?" साधना आतून आली ती हातात गोणपाट घेऊनच. "आता बास, आबा. धुऊन धुऊन हाताची सालं निघाली माझ्या. कुंडलिकभाऊ बेल्ह्याच्या बाजाराला निघालेत. त्यांच्या टेम्पोत देते टाकून. तिकडंच सोडतील."

सावळेराम दाराआडून पुढं आला.

"मुद्दाम करत न्हाई गं तो."

"मग काय चुकून करतोय? जागा हुंगून हुंगून?"

सावळेराम घमेल्यापाशी गेला. त्यानं वाळूत हात घातला. कोरडी ठणठणीत. काल संध्याकाळी बघितली तेव्हाही तशीच होती. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. बोक्याला लागत होती, पण होत नव्हती. असं झालं की जागा बदलून बघावीशी वाटते. बांधावर होत नाही म्हणून विहिरीमागं जायचं, तिथं होत नाही म्हणून कांद्याच्या चाळीआड. कुणी हटकलंच तर मोटर बघायला गेलतो म्हणायचं. दिवसातून दहादा मोटर बघणारा शेतकरी अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरा नसेल.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत, येणार ते रविवारी. आणि सुनेला असलं काय सांगायचं, लाज नाही का? वस्तीवरच्या गेणभाऊनं सांगितलं होतं घरात. त्याला लघवीची नळी घातली, पिशवी लावली. पारावर बसला की बिचारा ती पिशवी धोतराच्या सोग्यानं झाकत राहायचा, आणि मागं लोक हसायचे. हसणाऱ्यांत सावळेरामही होता.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"आटपा वैनी, बाजार भरला आसंल," कुंडलिकनं हाक दिली.

साधनानं बोक्याला मानगुटीला धरून उचललं. एरवी त्यानं बोचकारून तिच्या हाताचं रक्त काढलं असतं. आज तो ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. ते बघून सावळेराम जास्तच घाबरला.

"सोड त्याला. वाटंतच मरंल."

"मुतायच्या पायी कोण मरतंय का, आबा?"

"मरतं. कोंडलं की मरतं. ह्याचं कालपास्नं कोंडलंय."

"तुमाला काय ठाऊक? तुमी काय डॉक्टर हाय?"

उशीर होतोय म्हणून कुंडलिक आता ओट्यापर्यंत आला होता. त्याच्या कानावर गेलं म्हणजे दुपारपर्यंत बेल्ह्याच्या बाजारात झालं. सावळेरामला गप्प बसता आलं असतं. म्हातारा बडबडतोय म्हणून साधनानं गोणपाटाचं तोंड बांधलं असतं, टेम्पो गेला असता, आणि तो पुन्हा मोटर बघायला मोकळा झाला असता.

बोक्यानं आवाज केला. म्याऊ नव्हे, नुसता कण्हल्यासारखा.

"मला बी तसंच व्हतंय," सावळेराम म्हणाला.

साधनाचा हात थांबला. कुंडलिकनं खिशातून मोबाईल काढला आणि उगाच बघत राहिला.

"कवापासनं?" साधनानं विचारलं.

'आठ दिस' हे उत्तर सावळेरामनं कधीचं तयार करून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंही.

"दिवाळीपासनं," तो म्हणाला. आता तर शिमगा तोंडावर आला होता.

साधनानं गोणपाट बाजूला टाकलं. बोक्याला त्याच गोधडीत गुंडाळून काखेत घेतलं, आत गेली, खुंटीवरचा सावळेरामचा धुतलेला सदरा आणि टोपी घेऊन आली. ती त्याच्या हातात देताना तिनं वर बघितलं नाही. सासऱ्याशी इतकं उघड बोलायची वेळ तिच्यावरही कधी आली नव्हती.

"भाऊ, बाजार ऱ्हाऊ द्या आजच्या दिस," ती कुंडलिकला म्हणाली. "टेम्पो नारायणगावला घ्या. आधी जनावरांचा दवाखाना, मग माणसांचा."

"बसा की वैनी," कुंडलिक म्हणाला आणि पुढची सीट झटकायला गेला.

सावळेराम सदरा हातात धरून उभाच होता. "ह्याचं तेवढं बघून येऊ. माझं काय एवढं न्हाई. सुदर्शन आला की मग..."

साधनानं गोधडीचं टोक बाजूला करून बोक्याचं तोंड उघडं केलं, त्याला वारा लागावा म्हणून.

"ह्या मुक्या जिवाला बोलता येत न्हाई," ती म्हणाली, "तरी चार दिस मार खात घरभर सांगत फिरला. तुमाला तर तोंड व्हतं की, आबा."