वैभव ढोलेची चौकशी

तिसऱ्या दिवशी तो माणूस जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावात शिरला, तेव्हा वैभव ढोले चिंधूकाकाच्या चहाटपरीमागं पोत्यांच्या आडोशाला बसला होता.

"आला पहा," चिंधूकाका पुटपुटला. "बगलेत फाइल. तोच आहे ना रे?"

वैभवनं पोत्यांच्या फटीतून पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या हातातला चहा केव्हाच थंड झाला होता.

सोमवारी हा माणूस सौंसरच्या सूतगिरणीच्या गेटवर उभा होता. मंगळवारी रामाकोन्याकडच्या शाळेत. हातात एक जुना फोटो. वैभव ढोले इथं असतो का, दारू पितो का, पोलीस केस आहे का, घरी कोण कोण आहे, असं विचारायचा आणि लिहून घ्यायचा. काम काय ते मात्र सांगायचा नाही. "गोपनीय आहे," एवढंच.

गिरणीतल्या स्वप्निलनं स्वतःचं नावही न सांगता "नाव नाही ऐकलं" म्हणून हात झटकले. शाळेतल्या शिपायानं तर असा मास्तर या शाळेत कधी झालाच नाही, अशी शप्पथ घेतली. तरी तो हटेना.

लॉकडाऊनमध्ये गिरणी बंद पडली तेव्हाच वैभवनं ठरवलं होतं, पुन्हा एका नोकरीच्या भरवशावर राहायचं नाही. गिरणी सुरू झाली, पण तोवर त्यानं शाळाही धरली होती. गिरणीत सुपरवायझर, शाळेत गणिताचा मास्तर. दोन्हीकडं दहा ते पाच. गिरणीतली हजेरी स्वप्निल लावायचा, शाळेतली शिपाई. वैभव स्वतः बहुतेक वेळ मधल्या रस्त्यावर, मोटरसायकलवर असायचा. वर्गातल्या पोरांना सांगायचा, "करिअर कसं मजबूत पाहिजे! एक पाय घसरला तं दुसरा जमिनीवर."

आता दोन्ही पाय एकदम घसरायच्या बेतात होते.

"दोन रजिस्टरं जुळवली त्यानं, की मी गेलो काका. नोकऱ्या तं जातीनच, वरून जेल. बायकोले सातवा महिना सुरू आहे."

"तू चूप बस. आपलं गाव आपला माणूस काढून देत नाही."

माणूस बाकावर टेकला. चहा सांगितला. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "वैभव ढोले इथलाच ना?"

चिंधूकाकानं गाळणी खाली ठेवली. "होता."

"होता म्हणजे?"

"वारला ना जी."

पोत्यांमागं कप सांडला.

"कधी?"

"मागच्या गोटमारीत. इथं लागला गोटा." काकानं स्वतःचं कपाळ दाखवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमारी.

"मागच्या गोटमारीत मी ड्यूटीवर होतो. नदीत तं कोणी मेलं नाही."

काकानं गाळणी पुन्हा उचलली. बाकावरचे चौघे चपला न्याहाळू लागले. शेवटी वैभवच पोत्यांमागून पुढं आला.

"नदीत नाही मेला साहेब. सिरियस होता, नागपूरले नेऊन राहिलो होतो. सावनेरच्या अलीकडंच गेला."

"तुम्ही कोण?"

"स्वप्निल. मीच होतो गाडीत. माह्या मांडीवर डोकं होतं त्याचं." बोलता बोलता वैभवचे डोळे खरोखर भरून आले.

माणसानं फोटो समोर धरला. फोटोत दाट केसांचा काटकुळा पोरगा. समोर टक्कल, दाढी आणि ढेरी.

"चेहरा मिळते जरासा."

"आतेभाऊ आहो मी."

"असं नुसतं सांगून चालत नाही. पंचनामा करावा लागते. पाच सह्या."

बाकावरच्या तिघांनी सह्या केल्या. चौथ्यानं पेन हातात घेऊन आधी म्हटलं, "लय सोन्यासारखा माणूस होता जी." काकानं त्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा त्यानं सही केली. पाचवी सही वैभवनं केली, स्वप्निलच्या नावानं. मग बाहीनं डोळे पुसले. सख्ख्या आतेभावाचा दुखवटा म्हणून ते शोभूनही दिसलं.

माणसानं कागद फाइलीत घातला. "घरच्यायले त्रास देत नाही आता."

"मंग साहेब," वैभवनं विचारलं, "चौकशी संपली?"

"संपली. मेलेल्याची काय चौकशी?"

तीन दिवसांनी पहिल्यांदा वैभवनं पोटभर श्वास घेतला. काकानं त्याच्यासाठी नवा चहा ओतला.

माणसानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"साहेब, सावरगावचं व्हेरिफिकेशन झालं. काय सांगू, नऊ वर्षांनी कोर्टानं भरती मोकळी केली, आन् यादीतला पयला पोरगाच वारला... हो ना, सरकारी क्लार्कची पक्की नोकरी होती... काढा मंग ऑर्डर दोन नंबरवाल्याच्या नावानं."