विहिणीच्या ओटीचा नारळ

बलून वर चढला, खाली वाळवंट तांबूस उजळलं. विहीणबाईंचं तोंड मात्र मिटेना. समेटासाठी गिरिजाबाईंच्या जावयानंच दोघी आयांना या सहलीला धाडलं होतं.

“माझ्या लेकानं नुसता दंड धरला, तर तुमची लाडूबाई माहेरी पळाली! पाठवा मुकाट्यानं.”

गिरिजाबाईंनी मान खाली घातली. होकार म्हणून विहिणीची ओटी भरायला खण-नारळ पिशवीत आणलाच होता.

एवढ्यात वाऱ्यानं टोपली कलली. विहीणबाईंनी घाबरून गिरिजाबाईंचा दंड आवळला.

“अहो, सोडा! दुखतंय!”

“एवढ्यानं कुणी मरत नाही!”

खाली उतरल्यावर गिरिजाबाईंनी बाही सारली. पाचही बोटं उमटली होती. लेकीच्या दंडावर अशीच होती, पण काळीनिळी.

पिशवीतला खण-नारळ पाहून विहीणबाईंनी ओटीसाठी पदर पसरला.

“नारळ मी घरी फोडीन,” गिरिजाबाई म्हणाल्या. “लेकीला नारळीभात आवडतो. आता ती माझ्याकडेच राहील.”