तव्याचा डावा कोपरा

परसातल्या मोठ्या चौकोनी तव्यावर बीफच्या छोट्या टिक्क्या चरचरत होत्या आणि मुलाचे अमेरिकन मित्र हातात पाव घेऊन ताटकळले होते. तव्याचा डावा कोपरा दिनकररावांनी नेहमीसारखा रिकामा ठेवला होता. तिथं कुमुदच्या बटाट्याच्या टिक्क्या व्हायच्या. तिचं उलथणंही वेगळं. इकडचं उलथणं चुकून तिकडे लागलं, की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, बाटवलंत ना!"

"बाबा, आई जाऊन वर्ष झालं. आता कुणासाठी जागा अडवायची?" असं म्हणत मुलानं चार टिक्क्या त्या कोपऱ्यात सरकवल्या, त्याही तिच्याच उलथण्यानं.

चरबी तिथवर ओघळत गेली. दिनकररावांनी दचकून खिडकीकडे पाहिलं.

कुणीच ओरडलं नाही.